नीलव्वाआत्याची नऊ मिनिटं

हुरड्याचे दिवस आले की सोलापुरात सगळ्यांना एकदम शेत आठवतं. ज्वारीचं आणि बाजरीचं कणीस शेजारी ठेवलं तर ज्यांना ओळखता येणार नाही, तेही रविवारी गाडी ठरवतात. रस्त्याकडेला फलक लागतात. फलकावर कणीस, फेटा आणि नथ. यंदा आमच्या गल्लीतल्या बायकांनी मलाही ओढून नेलं. बाजा टाकलेल्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, आगटीत भाजलेली कणसं. हुरडा कोवळा होता, त्याबद्दल तक्रार नाही.

मी तळहातावर कणीस चोळत होते आणि मागच्या पट्टीतून हाक आली. हाऽ हाऽ हाऽ होऽऽ. होऽगऽऽ.

माझा हात थांबला. ओळखायला दुसरी हाक लागली नाही. हा आवाज माझ्या आत्याचा, मैंदर्गीच्या नीलव्वाआत्याचा. बांबूला भोंगा बांधलेला होता, भोंग्यात मेमरी कार्ड होतं आणि कार्डात आत्या होती. एक हाक संपायच्या आत दुसरी, दुसरीच्या अंगावर तिसरी. जेवायला आलेली पोरं तिची नक्कल करत होती. एक गृहस्थ भोंग्याचाच व्हिडिओ काढत होते. आणि त्याच बांबूवर दोन साळुंक्या निवांत बसल्या होत्या, खाली हातभर अंतरावर चिमण्या कणसं सोलत होत्या.

शेताचा मालक कौतुकानं सांगत होता की व्हॉट्सॅपवर आलं हे कधीतरी, कुठल्या बाईचं हाय कुणास ठाऊक, पण पब्लिक लई हसतंय. मी त्याला म्हटलं, ते बंद करा. त्याला वाटलं, आवाज मोठा होतोय. त्यानं बारीक केला. मी म्हटलं, बारीक नको, बंद करा. बरोबरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही समजावून सांगितलं नाही. हुरड्याच्या बाजेवर बसून सांगण्यासारखी ती गोष्ट नाही.

ती फाइल मी केलेली आहे. नऊ मिनिटं चार सेकंद. त्यामुळे नेमकं कुणावर रागवायचं हा प्रश्न जरा अवघड आहे. माझं सगळ्यांवर रागवून झालंय, स्वतःसकट, आणि अजून बराच शिल्लक आहे.

आधीच सांगते, आत्या आहे. चांगली आहे, भाकरी कुस्करून खाते, सुनेवर डोळे वटारते. उगाच कुणी हळहळू नये.

मी सोलापुरात टायपिंगचे आणि कॉम्प्युटरचे वर्ग चालवते. बावीस वर्षं झाली. शिकवण्याच्या जोडीनं लोकांची बारीकसारीक कामंही येतात, आणि त्यात हे काम सगळ्यात जास्त येतं: या प्रकारची फाइल त्या प्रकारची करून द्या. कुणाच्या लग्नातल्या कॅसेटी, कुणाच्या वडिलांचं भाषण, कुणाच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. मोबाईल एका प्रकारात आवाज साठवतो, गाडीतला प्लेअर दुसऱ्याच प्रकाराला ओळख देतो, कॉलेजच्या अर्जाला तिसरा लागतो. आवाज तोच, माणूस तोच, बोलणं तेच. पण एका घरातलं दुसऱ्या घरात चालत नाही. आपल्याकडे पंगती वेगळ्या बसायच्या ना, तसाच प्रकार. ज्यांनी ही यंत्रं केली ते सगळे शिकलेले लोक आहेत, आणि त्यांना एवढं जमलं नाही की एकाचा आवाज दुसऱ्याच्या दारात अडू नये. वर त्या अडवणुकीला नाव काय, तर सोय.

तर ही अडवणूक सोडवणं माझ्या हातचा मळ. मुलींना मी शिकवते, काम झालं की कामाची फाइल ठेवा, बाकीचा पसारा काढून टाका. जागा अडवू नका. मला पसारा आवडत नाही. स्वयंपाकघरातही नाही.

तो पौष चार वर्षांपूर्वीचा. थंडी कोरडी, सकाळी ओठ फुटायचे. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागले होते. आत्याचा घसा भाद्रपदापासून बसलेला. दिवाळीत ती फाटक्या आवाजात बोलत होती, आणि सगळे नातेवाईक एकच सांगत होते की ओरडून ओरडून घसा गेला, जन्मभर पाखरं हाकलली ना. मला या बोलण्याचा तेव्हाही संताप आला होता. काम करणाऱ्या बाईला काही झालं की लोकांना पहिल्यांदा तिच्या कामातच खोट दिसते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ओरडण्याचा काही संबंध नाही. गाठ आहे. मशेरी किती वर्षं लावता, असं त्यांनी विचारलं. आत्यानं सांगितलं की न्हाण आलं तवापासनं.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते, जपून जपून बोलत होते. स्वरयंत्र काढावं लागेल, पुढे काही वेगळी साधनं असतात, धीर धरायला हवा, असं बरंच. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतोय त्यो?"

मी सरळ सांगितलं. "आवाज जाणार, आत्या. जीव राहील."

 ती म्हणाली, "मग जवारी कोन राखायचं?"

डॉक्टरांना वाटलं, तिला नीट कळलं नाही. ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तिला सगळं कळलं होतं. मैंदर्गीच्या शिवारात तिची चार एकर ज्वारी उभी होती, दाणा दुधावर आला होता. इथून महिनाभर पाखरं आवरली तर वर्षाचं धान्य आणि जनावरांना कडबा. नाही आवरली तर नुसता कडबा. तिचा मुलगा मल्लिनाथ कुंभारीला राहतो, कारखान्यात शिफ्टला जातो, सुट्टीच्या दिवशी शेतात येतो. त्याच्या बायकोला तेव्हा आठवा महिना होता. राखणीला माणूस मिळायचे दिवस केव्हाच संपले. राखण म्हणजे आत्या, आत्या म्हणजे तिचा आवाज. आणि ऑपरेशनला आठ दिवस होते.

मल्लिनाथनं भोंगा आधीच आणला होता. त्यात दुकानातूनच भरून आलेले आवाज होते: ससाणा, बंदूक, कुत्री. पाखरांनी एक दिवस ऐकलं, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. तोच म्हणाला, "शोभाक्का, आईचाच आवाज भरू की. फाटलाय, पर पाखरास्नी वळखीचा हाय." मला ते पटलं. मला एवढंच कळलं की एक आवाज आहे, आठ दिवसांनी तो नसेल, आणि तो मोबाईलमधून भोंग्यात न्यायचा आहे. हे माझं काम. मी म्हटलं, दे माझ्यावर सोडून.

आम्ही सकाळी उजाडता उजाडता शेतात पोचलो. माळा म्हणजे चार बल्ल्यांवर बांधलेली फळ्यांची बैठक, ज्वारीच्या डोक्यावर निघणारी. साठीच्या पुढची बाई, घशात गाठ, पण माझ्या आधी चढली. मला हात दिला. मी मोबाईल तिच्या पायाशी, पोत्यावर ठेवला, चालू केला आणि सांगितलं की आता हाक मार.

ती गप्प बसली.

ज्वारी अजून ओली होती. पानांवरून थेंब खाली पडायचा तो ऐकू येत होता. लांब कुठं तरी कुणी तरी मोटर चालू केली. कणसांचा एक वास असतो, कोवळ्या दाण्याचा, थोडा दुधासारखा, थोडा मातीसारखा. पूर्वेकडून चिमण्यांचा एक थवा आला, वळला, आमच्या पट्टीवर उतरला. मी आत्याकडे बघितलं. तिच्या हातात गोफण होती, गोफणीत खडा होता, आणि ती नुसती बसलेली.

"आत्या, ओरड की. मोबाईल चालू आहे."

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "सुम्न कुंद्रु." म्हणजे गप बस. मैंदर्गीत रागावताना कन्नडच लागतं. मग जरा वेळानं मराठीत म्हणाली, "बसू दे त्यास्नी. बसल्याबिगर उटतील कशी?"

मी मनात मिनिटं मोजत होते. आणि मग एकदम, थवा पूर्ण उतरून, डोकी कणसात खुपसून खायला लागल्यावर, तिनं ती हाक दिली. फाटलेल्या घशातून, पण अशी की माझ्या खालची फळी थरथरली. अख्खा थवा उठला आणि बांधापलीकडे, ओढ्यापलीकडे दिसेनासा झाला. आत्यानं ओठ पुसले आणि पुन्हा गप्प.

ती मला नंतर सांगत होती, तुटक तुटक, हाकांच्या मधे. हवेतल्या थव्यावर ओरडलं तर तो एक गिरकी घेतो आणि दुसऱ्या टोकाला उतरतो. त्याला बसू द्यायचं. खाताना पाखरू बेसावध असतं, तेव्हा घाबरलं की लांब जातं. एकदा हाक दिली की लगेच दुसरी द्यायची नाही, पण मागून दुसरा थवा येत असेल तर द्यायची. कधी चार मिनिटांनी, कधी दहा. कधी आवाजच करायचा नाही, नुसता खडा सोडायचा. पाखरांना अंदाज लागला की संपलं. चिमण्यांना ती मराठीत हाकलायची, राघूंना कन्नडमध्ये, होऽग म्हणजे जा. राघू कर्नाटकाच्या हद्दीतून येतात, त्यांना मराठी कळत नाही, असं तिचं म्हणणं. मी हसले तर म्हणाली की हसतीस कशाला, तू इंग्रजी मशीनसंगं इंग्रजीच बोलतीस न्हवं.

हे सगळं मी ऐकलं. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळवले असते.

दोन दिवस भरलं. पहिल्या दिवशी ऊन वर आल्यावर वारा फार सुटला, ते रेकॉर्डिंग टाकून दिलं. दुसऱ्या दिवशीही सुरुवातीला मला राहवलं नाही, ओरड की, मोबाईल चालू आहे, हे मी पुन्हा म्हटलंच, पण मग मधे कुणी बोललं नाही; ते रेकॉर्डिंग दोन तास बावन्न मिनिटांचं झालं. ऊन चढलं, पाखरं झाडात गेली, तरी आत्या माळ्यावरून उतरेना, म्हणून मीच मोबाईल बंद करून तिला खाली आणलं. मला दुपारची बॅच होती.

वर्गात येऊन कामाला बसले. मोबाईलची फाइल भोंगा ओळखत नव्हता, हे अपेक्षितच होतं. त्याला फक्त एमपीथ्री चालायचं. बदलायच्या आधी वाटलं, आवाज जरा स्वच्छ करावा. तशी सोय असते, एक बटण दाबलं की मागची खरखर जाते. मी बटण दाबलं आणि ऐकलं.

आत्या गेली होती. पूर्ण. प्रत्येक हाकेच्या जागी विहिरीतून आल्यासारखं काहीतरी बुडबुडत होतं. आणि त्या सगळ्या शांततेत, अगदी आरशासारखं लख्ख, एक वाक्य उरलं होतं: "आत्या, ओरड की. मोबाईल चालू आहे." माझं.

त्या दुपारी मी खुर्चीवरून उठून दोन ग्लास पाणी प्यायले. अजूनही ते आठवलं की कानशिलं तापतात. कुणीतरी, कुठंतरी थंडगार खोलीत बसून, त्या यंत्राला शिकवलेलं आहे की माणसाचा आवाज कसा असतो. बंद दार, खाली मान, हळू सूर, एकामागून एक शब्द. तेवढं माणूस, बाकीचा गोंगाट. उघड्या शिवारात, पोटातून, लांबवर पोचेल अशी हाक देणारी बाई त्या हिशेबात बसतच नाही. पंख्याची घरघर, गाडीचा हॉर्न आणि नीलव्वाआत्या, तिघांना एकाच केरसुणीनं झाडायचं. आणि मी? मी शहरातली, बारीक आवाजात सूचना देणारी, म्हणून मला जपून ठेवलं. असली प्रतिष्ठा मला नको आहे.

मी ते रद्द केलं, मूळ आवाज परत आणला. एवढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. यापुढचं नाही.

भोंग्याच्या सूचनेत लिहिलं होतं की फाइल लहान ठेवावी. मी रेकॉर्डिंगचा आलेख बघितला. एक उंच रेघ, मग लांबच लांब सपाट. पुन्हा रेघ, पुन्हा सपाट. तीन तासांत कामाचा भाग किती, तर चिमूटभर. प्रोग्रामच्या यादीत आणखी एक सोय होती: शांतता काढून टाका. समोर चौकोन. मी चौकोनात टिचकी मारली.

दोन तास बावन्न मिनिटांची नऊ मिनिटं चार सेकंद झाली. मला बरं वाटलं, खरं सांगते. पसारा आवरल्यावर वाटतं तसं. मग मी शिकवते तसंच केलं. कामाची फाइल ठेवली, मोबाईलवरचं मूळ रेकॉर्डिंग काढून टाकलं, कॉम्प्युटरवरचं काढलं, तिथली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मल्लिनाथला नऊ मिनिटं पाठवली. त्यानं ती कार्डात भरली, आणि कौतुकानं शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकली. दोन दिवसांत ती अक्कलकोट तालुकाभर झाली.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, नीट झालं. पाचव्या दिवशी मल्लिनाथचा फोन आला. तो ओशाळून बोलत होता, जणू त्याचीच चूक. म्हणाला, "शोभाक्का, पाखरं भोंग्यावर बसून खात्यात. पयल्या दिशी लई पळाली, आता बगतबी न्हाईत." मी त्याला विचारलं, आवाज मोठा आहे का, दिशा बरोबर आहे का, कार्ड हललंय का. यंत्राबद्दलचे सगळे प्रश्न मी विचारले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. आत्याच्या मानेला पट्टी, मधे श्वासाची नळी, पण नजर स्वच्छ. तिनं खुणेनं विचारलं, ज्वारी? मला वाटलं, तिला ऐकवावं. मी मोबाईल काढून नऊ मिनिटं लावली.

शेजारच्या कॉटवरच्या बाईची मुलगी लगेच डोळे पुसायला लागली. म्हणाली, बरं केलंत हो, आवाज तरी राहिला, पुढं आठवण होते. मीही आत्याचा हात धरला आणि तसलंच काहीतरी बोलले, की बघ, राहिला ना तुझा आवाज. आत्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. मला वाटलं, दुःख.

तिनं हात सोडवून घेतला. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं, भराभरा, वेड्या माणसासारखं, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, त्रास करून घेऊ नकोस. तिनं पुन्हा तेच केलं. मग कोपरावर जोर देऊन उठली आणि आपला पंजा माझ्या तोंडावर दाबला.

जोरात. तंबाखूचा वास कधीच गेला होता, औषधाचा येत होता. मी नाकानं श्वास घेत बसले. तिनं पंजा काढलाच नाही. वॉर्डात कुणी तरी भांडं ठेवलं, कुणी तरी खोकलं, सिस्टर येऊन बघून गेली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिनं दुसऱ्या हातानं कॉटच्या लोखंडी दांडीवर एकदाच, फाडकन चापट मारली. मी दचकले. अख्खा वॉर्ड दचकला. आणि पंजा माझ्या तोंडावर तसाच.

तेव्हा मला समजलं. 

मी तिचा आवाज ठेवला होता आणि तिचं काम फेकून दिलं होतं. ती माळ्यावर ओरडायला बसत नव्हती, ती माळ्यावर गप्प बसायला बसत होती. तीन तास बघणं, थांबणं, थवा उतरू देणं, आणि त्यातून नेमक्या क्षणी एक हाक. मी हाका तेवढ्या वेचल्या आणि एकाला एक चिकटवून एका कामसू बाईची बडबडणारी वेडी केली. आणि ती वेडी तालुकाभर वाटली.

लोक अजून म्हणतात, आवाज राहिला हे काय कमी आहे. कमी आहे. तो काही देव्हाऱ्यात ठेवायचा आवाज नव्हता. विळ्यासारखी, खुरप्यासारखी ती वस्तू होती, आणि मी तिचं पातं काढून मूठ जपून ठेवली. आठवण म्हणून ठेवायला आत्यानं एक शब्द भरला नव्हता. भरायला सांगितलं असतं तर तिनं मला माळ्यावरून खाली ढकललं असतं.

आणि मुळात ही सोय कुणाच्या डोक्यातून निघाली असेल? शांतता काढून टाका. जिथं काही ऐकू येत नाही तिथं काही चाललेलं नाही, हे ठरवलं कुणी? माझ्या वर्गात मुलगी टाइप करायची थांबते, तेव्हा ती विचार करत असते, हे मला बावीस वर्षं माहीत आहे. स्वयंपाक करताना बाई दूध उतू जायच्या आधी नुसती उभी असते, तिला कुणी रिकामी म्हणालं तर मी भांडेन. आणि तरीही मीच टिचकी मारली. यंत्राला शिव्या देण्यात एक सुख असतं, ते मला पूर्ण घेता येत नाही.

आत्याला घरी सोडलं तेव्हा रोजच्या ड्रेसिंगसाठी तिला माझ्याकडेच आणलं. ज्वारीचा दाणा अजून पुरता भरायचा होता, दहा-बारा दिवस काढायचे होते. दुपारी दोन बॅचच्या मधे वर्ग रिकामा असायचा. मी तिला माझ्या शेजारी खुर्चीवर बसवलं. नऊ मिनिटांच्या हाका मी एकेक करून सुट्या केल्या. त्रेचाळीस भरल्या. तिला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे पाटी-पेन्सिलीचा उपयोग नव्हता. पण कोपर टेबलावर टेकून तिनं हात वर केला. हात वर म्हणजे गप्प. हात खाली म्हणजे हाक.

पहिल्याच वेळी हात सहा मिनिटं वर राहिला. समोर पडद्यावर रिकामी पट्टी, वर पंखा बंद, बाहेर रिक्षा. ती खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे, त्या भिंतीत तिला काय दिसत होतं ते तिलाच ठाऊक. हात खाली आला. मी हाक ठेवली. लगेच दुसऱ्यांदा खाली आला, दुसरा थवा. मग चार मिनिटं. मग दहा. कधी ती माझ्या हाताकडे बघून मान हलवायची, ही हाक नको, दुसरी. राघूंची कुठली, चिमण्यांची कुठली, ती ऐकताक्षणी सांगायची. एकदा मी वेळ वाचवायला म्हणून तीन मिनिटांच्या जागी दोन टाकली. तिनं डोळे वटारले. कसं कळलं, विचारू नका.

मोकळी शांतता घालताना मला वाटलं होतं, यात शिवाराचा बारीक आवाजही हवा, पानं, वारा, तो मी फेकून दिलाय. पण त्याची गरज नव्हती. भोंगा गप्प झाला की शिवार आपला आवाज आपण भरतं.

तीन दुपारी लागल्या. फाइल इतकी मोठी झाली की भोंग्यासाठी तिचे तीन तुकडे करावे लागले. मल्लिनाथनं ती लावली. चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. पाखरं उठली, लांब गेली, परत आली, पुन्हा उठली. दाणा टणक होईपर्यंत आठ-दहा दिवस निघाले. शेजारच्या पट्टीपेक्षा आमच्या कणसात दाणा जास्त होता, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. पुढच्या सालापासून आत्या स्वतःच परत माळ्यावर बसायला लागली, गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन. तिला भोंग्याचं कौतुक नाही.

ती मोठी फाइल मी मागेल त्याला देते. कुणाला नको असते. पहिली सहा मिनिटं काही ऐकू आलं नाही की निरोप येतो, मॅडम, फाइल खराब आहे, ती छोटी पाठवा. छोटी माझ्याकडे नाही, मी काढून टाकली. पण ती बाकी सगळ्यांकडे आहे. हलकी आहे, पटकन जाते, हसवते. चुकीची गोष्ट लहान असली की किती लांब जाते, आणि बरोबर गोष्ट मोठी असली की जागच्या जागी बसते.

तिसऱ्या दुपारी त्रेचाळिसावी हाक ठेवून झाली. मी फाइल साठवायला गेले आणि बघते तर आत्याचा हात पुन्हा वर. मी म्हटलं, "आत्या, संपल्या हाका." तिनं मान हलवली. मी म्हटलं, पुढं घालायला काही उरलेलं नाही, नुसती जागा अडेल. हात वरच. बॅचच्या मुली आल्या, दारात चपला काढून उभ्या राहिल्या. मी त्यांना खुणेनं थांबवलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आधी कुजबुजत, मग न कुजबुजता. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं आणि मग तिच्याकडे बघितलं. ती उन्हाकडे बघितल्यासारखे डोळे बारीक करून भिंतीकडे बघत होती.

हात खाली आला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. मी ती फायलीत घातली. शेवटची बावीस मिनिटं तिथं काहीही ऐकू येत नाही. ऊन चढलेलं आहे, पाखरं झाडात गेलेली आहेत, आणि आत्या माळ्यावर बसलेली आहे.